प्लेटलेट ‘४५’ की ४५ हजार? रिपोर्टवरचे घातांक वाचताना

पावसाळ्याच्या अखेरीस डेंगीचे रुग्ण वाढू लागले, की गंगापूर रोडवरच्या दवाखान्यांत आणि लॅबमध्ये एकच प्रश्न असतो, ‘प्लेटलेट किती आल्या?’ उत्तर मोबाइलवर आलेल्या रिपोर्टमध्ये असते, पण ते वाचताना गडबड होते. एका लॅबच्या कागदावर ‘१.५ लाख’ लिहिलेले असते, दुसरीच्या कागदावर ‘१५० × १०^३’, तर एखाद्या ठिकाणी चक्क ‘१५० × १०^९’. घाबरलेल्या घरात ‘४५ × १०^३’ मधले फक्त ४५ वाचले जाते आणि रडारड सुरू होते. खरे तर ते ४५ हजार असतात. कमीच, पण ४५ नव्हेत.

सातवी-आठवीत शिकलेला आणि परीक्षेनंतर विसरलेला घातांक इथे उपयोगी पडतो.

टोपीवरचा अंक

१० × १० × १० हे लांबलचक लिहिण्याऐवजी १० चा तिसरा घात असे म्हणतात. इथे १० हा पाया आणि ३ हा घातांक. वहीत घातांक पायाच्या डोक्यावर बारीक लिहितात. लॅबच्या यंत्राला अनेकदा तसे छापता येत नाही, म्हणून मध्ये टोपीची (^) किंवा चांदणीची (*) खूण येते. या लेखातही टोपीच वापरू. म्हणजे १०^३ = १०००.

नाशिककरांना याची सवय धरणाच्या बातम्यांतून असते. गंगापूर धरणाची क्षमता सुमारे ५,६३० दशलक्ष घनफूट, म्हणजेच ५.६३ टीएमसी. दशलक्ष म्हणजे १०^६ आणि टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष, अर्थात १०^३ × १०^६ = १०^९. गुणाकारात पाया सारखा असेल तर घातांकांची बेरीज होते, हा पहिला नियम. भागाकारात घातांकांची वजाबाकी होते, हा दुसरा: १०^५ ÷ १०^२ = १०^३. घाताचा पुन्हा घात घेतला तर घातांकांचा गुणाकार होतो, हा तिसरा: (१०^२)^३ = १०^६. बेरजेला मात्र असा नियम नाही. १०^३ + १०^२ म्हणजे ११००, १०^५ नव्हे.

जिना खाली उतरताना

मोठ्या संख्यांना आपल्याकडे नावांची कमतरता कधीच नव्हती. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत, म्हणजे १०^१७ पर्यंत नावे दिली आहेत. पण खाली उतरायचे झाले तर?

१०^३ हजार, १०^२ शंभर, १०^१ दहा. प्रत्येक पायरीला दहाने भाग जातो. पुढच्या पायरीवर १०^० येतो, तो दहा भागिले दहा, म्हणजे १. त्याखालची पायरी १०^(-१), म्हणजे एक दशांश. मग १०^(-२), म्हणजे एक शतांश. ऋण घातांकात गूढ काही नाही. जिना शून्यापाशी संपत नाही, एवढेच.

जुन्या पिढीला हा जिना दोनच्या पायावर पाठ होता. शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. दर वेळी निम्मे. शेराला २^० म्हटले तर अच्छेर २^(-१), पावशेर २^(-२), अदपाव २^(-३) आणि छटाक २^(-४), म्हणजे शेराचा सोळावा भाग. छटाकभर तूप कमी असेल, पण ते उणे तूप नसते! नेमकी हीच चूक विद्यार्थी करतात. २^(-३) चे उत्तर -८ नाही, ते १/८ आहे. घातांकाचे उणे चिन्ह संख्येला ऋण करत नाही, तिचा व्यस्त घ्यायला सांगते.

दीड लाख आणि दीडशे अब्ज

आता प्लेटलेटकडे वळू. प्रौढांमध्ये त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. पण कशात? एका घन मिलिमीटर रक्तात. काही रिपोर्टवर त्याऐवजी मायक्रोलिटर लिहिलेले असते. दोन्ही माप एकच आहे, हे घातांकांनी पडताळता येते. एक मिलिमीटर म्हणजे १०^(-३) मीटर. त्याचा घन (१०^(-३))^३, म्हणजे १०^(-९) घनमीटर. एक लिटर हा घनमीटरचा हजारावा भाग, म्हणजे १०^(-३) घनमीटर. भागाकार केला की घातांक -९ मधून -३ वजा होतो, -६ उरतो. एक घन मिलिमीटर म्हणजे १०^(-६) लिटर, आणि यालाच मायक्रोलिटर म्हणतात.

काही रुग्णालये आणि परदेशातल्या बहुतेक लॅब हीच मोजणी दर लिटरमागे देतात. तेव्हा १५० × १०^३ ला १०^(-६) ने भागायचे. घातांक ३ मधून -६ वजा केले की ९ येतात. उत्तर १५० × १०^९. ऋण घाताने भागणे म्हणजे धन घाताने गुणणे. रुग्णाच्या प्लेटलेट दहा लाख पटींनी वाढलेल्या नाहीत, मोजायचे भांडे तेवढ्या पटींनी मोठे झाले आहे.

मिलि, मायक्रो, नॅनो

औषधाच्या मात्रेत हे ज्ञान अधिक मोलाचे. मिलिग्रॅम म्हणजे १०^(-३) ग्रॅम, मायक्रोग्रॅम १०^(-६), नॅनोग्रॅम १०^(-९), पिकोग्रॅम १०^(-१२). थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. मायक्रोच्या जागी कोणी मिलि वाचले, तर चूक १०^(-३) ÷ १०^(-६), म्हणजे हजार पटींची.

तपासणीतही असेच. ब-१२ जीवनसत्त्व २५० आले आणि ड जीवनसत्त्व ३०, म्हणून ब-१२ रक्तात जास्त आहे असे वाटेल. पण ब-१२ सहसा पिकोग्रॅममध्ये मोजतात आणि ड नॅनोग्रॅममध्ये, दोन्ही दर मिलिलिटरमागे. ३० नॅनोग्रॅम म्हणजे ३०,००० पिकोग्रॅम. ड जीवनसत्त्वच १२० पट अधिक निघाले.

पीएचमध्ये तर ऋण घातांक लपलेलाच असतो. पीएच ७ म्हणजे एका लिटरमध्ये हायड्रोजन आयनांचे १०^(-७) मोल. म्हणून द्राक्षबागेच्या मातीचा पीएच ७.५ वरून ८.५ झाला, तर बदल ‘एका’चा दिसतो, पण आयन दहापटीने घटलेले असतात. आपल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात राहतो. तो ७.४ वरून ७.१ वर घसरला, तर आयन जवळपास दुप्पट होतात. म्हणून अतिदक्षता विभागातले डॉक्टर दशांश चिन्हानंतरच्या अंकाकडे डोळ्यांत तेल घालून पाहतात.

विद्यार्थ्यांसाठी

बीजगणितातही हेच नियम चालतात, फक्त १० च्या जागी अक्षर येते. (क्ष^५ × य^(-२)) ÷ (क्ष^२ × य^(-५)) याला सरळ रूप द्यायचे आहे. क्ष चे घातांक ५ - २ = ३. य चे -२ - (-५) = ३. उत्तर क्ष^३ × य^३. दोन ठिकाणी जपा. ३ × क्ष^(-२) मध्ये घातांक फक्त क्ष चा आहे, ३ जागेवरच राहतो: उत्तर ३/क्ष^२. आणि (-२)^४ = १६, पण कंस नसेल तर -२^४ = -१६.

घरी एवढे करा

रिपोर्ट हाती आला की आधी आकडा नव्हे, शेजारचे एकक आणि घातांक वाचा. कालच्या आणि आजच्या रिपोर्टची तुलना करण्यापूर्वी दोन्हींचे एकक एकच आहे ना, ते पाहा. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करा. शेजारी छापलेली सामान्य मर्यादा त्याच एककात असते, तिच्याशी ताडून पाहा. आणि डेंगीत केवळ प्लेटलेटच्या आकड्यावर उपचार ठरत नाहीत. रक्तस्राव, रक्तदाब, रक्त किती घट्ट झाले आहे, हे सारे डॉक्टर पाहतात. प्लेटलेट चढवायच्या की नाही, हा निर्णय त्यांच्यावर सोडा. आकडा नीट वाचून त्यांना सांगणे हे मात्र घरच्यांना नक्की जमण्यासारखे आहे.