वेल्डिंगचा आर्क : हात साधा, डोळे सांभाळा

नांदेड व लातूर भागात आपले अनेक कारागीर बांधव ग्रील, दरवाजे, शटर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवून रोजी कमावतात. हा हुनर बहुधा उस्तादाच्या हाताखाली शिकला जातो. हात बसतो, पण काम का बिघडते आणि इजा कशी होते, हे क्वचितच समजावून सांगितले जाते. म्हणून साध्या रॉड वेल्डिंगची माहिती आम्ही येथे देत आहोत.

जोडाच्या जागेवरील गंज, रंग व तेल आधी काढावे. अर्थिंगचा क्लॅम्प स्वच्छ लोखंडावर घट्ट बसवावा. ३.१५ मि.मी.च्या साध्या रॉडला साधारण ९० ते १३० अँपिअर, तर अडीच मि.मी.च्या रॉडला ६० ते ९० अँपिअर करंट लागतो. काडेपेटीवर काडी ओढावी तसे रॉडचे टोक लोखंडावर ओढावे. ठिणगी पडताच रॉड किंचित उचलून त्याच्या जाडीइतकेच अंतर राखावे. अंतर वाढले की छर्रे उडतात व आर्क तुटतो. फार घटले की रॉड चिकटतो. चिकटल्यास मनगटाने पिळून सोडवावा. न सुटल्यास होल्डर मोकळा करावा. वारंवार चिकटत असेल तर करंट कमी आहे किंवा रॉड ओलसर आहे, असे समजावे.

खरा धोका डोळ्यांना आहे. आर्कच्या अतिनील किरणांनी बुबुळावरील पारदर्शक पडदा भाजतो. ते लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. बाजारातील काळा चष्मा येथे पुरत नाही. एकच टाका मारायचा असला तरी १० किंवा ११ नंबरच्या काचेचा शिल्ड धरावा. शागीर्दाला व गिऱ्हाइकालाही उघड्या डोळ्यांनी पाहू देऊ नये. त्रास झाल्यास घरगुती औषध न घालता नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

घामाने किंवा वुजूने ओले झालेले हात व बाह्या कोरड्या करूनच कोरडे चामडी हातमोजे घालावेत व मग होल्डर धरावा; ओल्या अंगाला शॉक जोरात बसतो. कपडे सुती असावेत. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटते. जस्त चढवलेल्या पाइपच्या धुराने थंडीताप येतो, म्हणून जोडावरील जस्त घासून मोकळ्या हवेत काम करावे. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. ती पूर्ण साफ करून वाफ काढल्याशिवाय आर्क लावूच नये, स्फोट होतो.

नव्या मुलांनी शक्य तर शासकीय आयटीआयमधील वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करावा. डोळे ही अल्लाहची अमानत आहे आणि कारागिराचे भांडवलही. वर्कशॉपमधील प्रत्येक हाताला शिल्ड मिळेल, ही जबाबदारी मालकाची आहे.