लांज्यातली ‘अस्सल मालवणी’ थाळी

मुंबई-गोवा महामार्गावर लांज्याला उतरावे, तर खाणावळीच्या पाटीवर हटकून ‘अस्सल मालवणी’! पाटीवाल्याला मी दोष देत नाही. गिऱ्हाईक त्याच नावाला भुलते. पण वर्तमानपत्रातले खाद्यपरीक्षकही तेच लिहितात. अहो, मालवण सिंधुदुर्गात, आणि तो जिल्हा १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झाला! लांजे रत्नागिरीतच राहिले, तेही समुद्रापासून आत. इथल्या घरांत कुळथाची पिठी, घावन, फणसाची भाजी. परीक्षक मात्र सुरमईची थाळी, तिचा भाव आणि मालकाचे अगत्य लिहून मोकळे. मासळी कुठल्या बंदरावरची, बांगड्यात तिरफळ होते का, याची चौकशी नाही. शेजारीच त्या हॉटेलची जाहिरात!

परवा एके ठिकाणी मी पिठी मागितली. पोऱ्या हसून म्हणाला, “ती घरी करतात, सर.”