रहस्य डोंगरावरून घरात आलं

सुटीत परदेशी गेलेली एकटी मुलगी, तिथे भेटलेला अनोळखी तरुण आणि उलगडायला हवं असं एखादं कोडं. किशोरवयीनांसाठी आज निघणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांत हा ऐवज वारंवार सापडतो. त्याचा साचा मात्र मोठ्यांच्या पुस्तकांत घडला. डरहॅम विद्यापीठात इंग्रजी शिकवलेल्या मेरी स्टुअर्ट यांची ‘मॅडम, विल यू टॉक?’ ही पहिली कादंबरी १९५५ साली आली. तिची नायिका दक्षिण फ्रान्समधल्या आविन्यों शहरात सुटीवर आलेली एक तरुण युद्धविधवा आहे. समोरच्या पुरुषावर विश्वास टाकावा की त्याच्यापासून पळावं, हे तिला बराच काळ ठरवता येत नाही.

१९६२च्या ‘द मून-स्पिनर्स’मध्ये स्टुअर्टबाईंचा हात आणखी बसलेला दिसतो. अथेन्सच्या ब्रिटिश वकिलातीत काम करणारी बावीस वर्षांची निकोला क्रीटमधल्या एका खेड्यात येते. एका बगळ्यामागे चालत ती डोंगरात शिरते, तर तिथे एक जखमी इंग्रज तरुण लपलेला. त्याचा धाकटा भाऊ बेपत्ता आहे. यात गुन्हा गावातला, गुन्हेगार बहुतेक गावातले आणि मदतीला धावणाराही ग्रीकच. हे वाचणाऱ्या बहुतेकांना क्रीट स्वप्नातच दिसायचं. पुढे १९६६मध्ये तर ब्रिटन सरकारने परदेश सहलीच्या खर्चावर माणशी ५० पौंडांची मर्यादा घातली. परदेश असा दुर्मीळ असल्यामुळे लेखिका वाट, झाडं, जेवण, ऊन सगळं तपशिलात सांगायची आणि वाचकांनाही ते हवं असायचं.

पुढे विमानप्रवास स्वस्त झाला, खिशात मोबाइल आला आणि लेखकांची पंचाईत झाली. एका फोनवर आई धावून येत असेल, तर मुलगी अडकणार कशी? २००५च्या ‘थर्टीन लिटल ब्लू एन्व्हलप्स’मध्ये मॉरीन जॉन्सन यांनी यावर सरळ नियमच करून टाकले. सतरा वर्षांच्या जिनीला वारलेल्या मावशीची तेरा पाकिटं मिळतात. सोबत अटी: फोन नाही, कॅमेरा नाही, मार्गदर्शक पुस्तक नाही, जास्तीचे पैसे नाहीत. युरोपभर फिरताना एकेक पाकीट उघडायचं. जुन्या काळी जे एकटेपण आपोआप मिळायचं, ते इथे अटी घालून मिळवावं लागलं. शिवाय रहस्यही बदललं. आता खुनी कोण हा प्रश्नच नाही. मावशी घर सोडून का गेली, हा आहे.

२०१६मध्ये आलेल्या जेना इव्हान्स वेल्च यांच्या ‘लव्ह अँड जेलाटो’मध्ये हा बदल पूर्ण झाला. आई गेल्यावर सोळा वर्षांची लीना फ्लॉरेन्सला येते. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांची तिथे दफनभूमी आहे, ४,०००हून अधिक थडग्यांची. तिथल्या व्यवस्थापकाकडे, त्याच आवारात, ती राहते. हातात आईची जुनी डायरी आहे. आईने इटलीत काय केलं, कोणावर प्रेम केलं, आपला बाप कोण, हे तिला शोधायचंय. संशय आता भेटलेल्या मुलावर नाही. तो तर सोबत शोध घेणारा मित्र. संशय आहे तो आईच्या मौनावर.

या वाटचालीत कमाई मोठी आहे. आपल्या जन्माआधी आईबापांचंही एक तरुणपण होतं, हा सोळाव्या वर्षीचा धक्का तस्करांच्या टोळीपेक्षा खरा वाटतो. पण परदेश मात्र पातळ झाला. लीनाचा मित्र रेन अर्धा अमेरिकन. इतक्या थडग्यांमध्ये राहूनही युद्ध कथेच्या कडेलाच राहतं. स्टुअर्टबाईंच्या ‘माय ब्रदर मायकेल’मध्ये ग्रीसच्या डोंगरात युद्धात मारला गेलेला भाऊ हाच सगळ्या कथेचा कणा होता. वेल्च स्वतः शाळकरी वयात फ्लॉरेन्सला राहिल्या आहेत. तेव्हा परदेश असा पातळ होणं अज्ञानातून झालेलं नाही, ही त्यांची निवड आहे.

चित्रपटांनी हा फरक उघड केला. १९६४मध्ये डिस्नेने ‘द मून-स्पिनर्स’ पडद्यावर आणला. नायिका किशोरवयीन केली, कथानक बरंच फिरवलं, पण चित्रीकरणाला क्रीटलाच गेले. २०२२मध्ये नेटफ्लिक्सने ‘लव्ह अँड जेलाटो’ केला आणि फ्लॉरेन्सच्या जागी रोम आणलं. कथेचं फ्लॉरेन्सवाचून काही अडलं नाही. गाव बदलूनही जिचं काही बिघडत नाही, अशी कथा परदेशात घडते असं म्हणणं जरा धाडसाचंच.