अर्ध्या ग्रॅमचा मेंदू
(लेखमाला : न कापता आत पाहताना – भाग ७)

गेल्या आठवड्यात आपण रुग्णालयातल्या एमआरआय यंत्रापाशी थांबलो होतो. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनची अणुकेंद्रं असतात. चुंबकक्षेत्रात ती रेडिओलहरींना साद देतात आणि त्या सादेतून चित्र उभं राहतं. आज असंच चित्र जिवंत उंदराच्या मेंदूचं काढायचं आहे. माणसाचा मेंदू साधारण १४०० ग्रॅमचा, उंदराचा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा.

माणसाच्या स्कॅनमध्ये चित्राचा सर्वांत लहान ठोकळा १ मिलिमीटर बाजूचा असला तरी बरंच काही दिसतं. उंदराच्या मेंदूत तेवढ्यात बाह्यकाची, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराची, सगळी जाडी संपते. म्हणून बाजू ०.१ मिलिमीटरवर आणावी लागते. बाजू दहापट लहान झाली की घनफळ हजारपट घटतं. ठोकळ्यातलं पाणी तितकं कमी आणि त्याची सादही तितकीच क्षीण. पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढता येते, पण मोजण्या चौपट केल्या तर स्पष्टता दुपटीनंच वाढते. या हिशेबानं हजारपटीची तूट भरायला १० लाख मोजण्या लागतील. एकीला पाच मिनिटं धरली, तर नऊ वर्षांहून अधिक. उंदराचं आयुष्य असतं सुमारे दोन वर्षांचं!

म्हणून सादच मोठी करावी लागते. रुग्णालयात बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाचा चुंबक असतो. उंदरांसाठी ७, ९.४, ११.७ टेस्लाचे वापरतात. साद टिपणारी छोटी कॉइल कवटीला अगदी लगटून ठेवतात. काही ठिकाणी ती अतिथंडही करतात, कारण धातूतल्या उष्णतेचा गोंगाट त्यामुळे घटतो.

उंदीर जिवंत असल्यानं त्याचा श्वासही सांभाळावा लागतो. आयसोफ्लुरेनची भूल देऊन डोकं दातांपाशी आणि कानांपाशी स्थिर करतात. अंग उबदार राखतात, श्वासांवर सतत नजर ठेवतात. भूल फार लांबवता येत नाही, त्यामुळे काम थोड्या तासांतच उरकावं लागतं. मृत मेंदूला ही घाई नसते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जी. ॲलन जॉन्सन यांच्या गटानं २०२३ मध्ये ५ मायक्रोमीटरपर्यंतची बारकाई गाठली, ती मृत उंदरांच्या मेंदूत.

मग जिवंत मेंदूसाठी एवढा खटाटोप कशाला? कारण मृत मेंदू एकच क्षण दाखवतो. १९९८ मध्ये पॉटलर, सिल्वा आणि कोरेट्स्की यांनी उंदराच्या नाकात मँगनीजचं क्षार-द्रावण सोडलं. कॅल्शियमसाठी असलेल्या वाटांनी मँगनीज चेतापेशींत शिरलं आणि वासाच्या मार्गानं मेंदूकडे सरकलं. जिवंत प्राण्यात तो मार्ग स्कॅनवर उजळलेला दिसला. शिवाय तोच उंदीर तिसऱ्या महिन्यात आणि पुन्हा नवव्या महिन्यात तपासता येतो. त्याची तुलना त्याच्याशीच होते, आणि प्रत्येक टप्प्यावर नवे प्राणी मारावे लागत नाहीत. थोडी बारकाई सोडून आपण काळ मिळवतो, आणि आजार कळायचा तर तो काळातच कळतो.

पुढच्या आठवड्यात : अल्झायमरच्या अभ्यासासाठी वाढवलेले उंदीर.