जुन्या दूरचित्रवाणी-संचाची दुरुस्ती : दोषचिन्हांचे वाचन

जुना दूरचित्रवाणी-संच घरी दुरुस्त करू पाहणाऱ्याची पहिली प्रवृत्ती पाठीमागचे झाकण उघडण्याची असते. वस्तुतः पुष्कळसे काम झाकण न उघडताच होण्याजोगे आहे. चित्रनलिकेचा संच आपला दोष पडद्यावर चिन्हरूपाने प्रकट करीत असतो. नैयायिक धुरावरून अग्नीचे अनुमान करतात व धुरास ‘लिंग’ म्हणतात. ही चिन्हेही त्याच जातीची होत. मात्र अशा चिन्हांची यादी पाठ करून भागत नाही. संचाची रचना ठाऊक नसेल तर अगदी सुसंगत वाटणारे अनुमानही फसते.

मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या दशकात महाराष्ट्रातील घरांत आलेले कृष्णधवल संच येथे विचारात घेतले आहेत. त्यांतील प्रत्येक चित्र 625 ओळींचे असून सेकंदाला अशी 25 चित्रे रेखाटली जातात. एकाआड एक ओळी घेऊन प्रत्येक चित्र दोन फेऱ्यांत पुरे होते. म्हणून इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला 15,625 वेळा आडवा आणि 50 वेळा वरून खाली फिरतो. ही दोन कामे दोन निरनिराळ्या मंडलांकडे सोपविलेली असतात. वरून खाली नेणारे मंडल बंद पडले की सर्व ओळी एकमेकींवर पडतात व पडद्याच्या मध्यभागी एकच झगझगीत आडवी रेघ उरते. हे चिन्ह निःसंदिग्ध आहे. (अशा वेळी उजेड तत्काळ कमी करावा, नाहीतर ती रेघ पडद्याच्या आतील लेप कायमचा जाळते.)

यावरून, आडवे मंडल बंद पडल्यास उभी रेघ दिसेल असा तर्क कोणीही करील. तो चुकीचा आहे. तेव्हा पडदा साफ अंधारतो. झोत एक ओळ संपवून झटक्याने परततो त्या क्षणी उत्पन्न होणाऱ्या स्पंदापासूनच चित्रनलिकेस लागणारा 10,000 व्होल्टांहून अधिक दाब निर्माण केला जातो. दुरुस्तीच्या दुकानांत ‘ईएचटी’ या नावाने ओळखले जाणारे रोहित्र हे कार्य करते. मंडल थांबले की दाब नाहीसा होतो, आणि दाबावाचून पडद्यावर उजेड पडत नाही. म्हणून आवाज येतो पण उजेड नाही, अशा संचात संशय प्रथम आडव्या मंडलावर घ्यावा. उभी रेघ क्वचित दिसते खरी. पण तेव्हा बहुधा मंडल शाबूत असून नलिकेच्या मानेवरील ‘योक’ची एखादी गुंडाळी वा तिची तार तुटलेली असते. दोन मंडले समरूप दिसत असली तरी त्यांच्या चिन्हांत समरूपता नाही, हे ध्यानात न घेतल्यामुळे चांगल्या गुंडाळ्या उगाच बदलल्या जातात.

चित्र वर किंवा खाली सरकत राहणे, तिरपे फाटणे हे दोष बहुधा जुळणीचे असून पुष्कळदा मागील बाजूची कळ फिरवून जातात. मुंग्यांची गोष्ट वेगळी आहे. पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसणे हे एके काळी ॲन्टेना हलल्याचे चिन्ह होते. दूरदर्शनचे बहुतेक जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक 2022 पर्यंत बंद झाले. तेव्हा आज ॲन्टेना लावलेल्या निर्दोष संचावरही मुंग्याच दिसतात. चिन्ह तेच राहिले, अर्थ पालटला.

आता झाकण उघडण्याविषयी. नलिकेच्या काचेस आतून व बाहेरून वाहक लेप असल्यामुळे ती स्वतःच एक मोठे धारित्र बनते, आणि वीज तोडल्यावरही तिच्यातील भार बराच काळ टिकतो. शिवाय अनेक संचांत सांगाडाच वीजपुरवठ्याच्या एका तारेशी थेट जोडलेला असतो. म्हणून बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढलाच पाहिजे. नंतर भक्कम रोधी मुठीचा पेचकस मोठ्या रोधामार्फत नलिकेच्या बाहेरील लेपावरील उघड्या तारेस जोडून त्याचे टोक रबरी टोपीखाली सरकवावे लागते. काही वेळाने ही क्रिया पुन्हा करावी, कारण काचेत मुरलेला भार परत वर येतो. ज्यास याची सवय नाही त्याने येथेच थांबून जाणकारास बोलावणे इष्ट.

पुढील काम अन्वय-व्यतिरेकाचे आहे. ‘वृक्षः’ व ‘वृक्षौ’ या रूपांत काय राहिले, काय गेले आणि त्याबरोबर कोणता अर्थ गेला, हे पाहून पतंजलीने प्रकृती व प्रत्यय यांचे अर्थ वेगळे केले. दुरुस्ती करणारा तेच करतो : एक भाग काढून चांगला घालतो व दोष जातो का ते पाहतो. पण या रीतीस दोन अटी आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलली पाहिजे. मराठीत ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होताना प्रत्यय लागतो आणि मूळ रूपही बदलते; संचातही तसेच घडते. कंडेन्सर बदलताना त्याच्या सांध्यास नवा डाख मिळतो. दोष मुळात ‘ड्राय सोल्डर’चा असेल, तर तो डाखामुळे जातो आणि श्रेय कंडेन्सरला मिळते. शंका असल्यास जुना कंडेन्सर पुन्हा लावून पाहावा. एवढा खटाटोप फारसे कोणी करीत नाही, ही गोष्ट निराळी. दुसरी अट अशी, की बदललेला भाग दोषाचे कारण असावा, परिणाम नव्हे. नवा फ्यूज लावताच उडाला तर फ्यूजमध्ये दोष शोधणे व्यर्थ.

व्हॉल्व्हच्या संचांत या रीतीस आणखी एक अडचण येते. त्यांतील तापक तंतू दिवाळीतील विजेच्या माळेप्रमाणे एकामागून एक जोडलेले असत. एक तुटला की सारेच विझत. दोन तुटले असतील तर एकेक व्हॉल्व्ह बदलून कितीही पाहिले तरी उजेड येत नाही, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह निर्दोष असल्याचा भास होतो. तेथे बदल करणे सोडून प्रत्येक तंतू मीटरने स्वतंत्रपणे तपासावा लागतो.