‘अ’, ‘ॲन’, ‘द’ आणि सर्वांत उंच शिखर

‘काल आम्ही मुलगी बघायला गेलो होतो’ आणि ‘काल आम्ही मुलीला बघायला गेलो होतो’ या दोन वाक्यांत मराठी माणसाचा कधी गोंधळ होत नाही. पहिल्यात कांदेपोहे आहेत. दुसऱ्यातली मुलगी कोण, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे. कदाचित ती आजारी असेल. आपण एका ‘ला’ने जो फरक करतो, साधारण तोच इंग्रजी ‘अ’ आणि ‘द’ने करते. त्यामुळे ‘मराठीत आर्टिकलच नाही, मग ते आपल्याला जमणार कसे’ ही तक्रार मला अर्धीच पटते.

शाळेत यादी मिळते: नद्या, समुद्र, पर्वतरांगा यांच्यापुढे ‘द’, एकट्या शिखरापुढे काही नाही. म्हणून ‘द गोदावरी’, ‘द हिमालयाज’, पण नुसतेच ‘माउंट एव्हरेस्ट’. ही यादी पाठ करायला हवीच. राहून जातो तो मूळ प्रश्न: मी नेमक्या कोणत्या वस्तूबद्दल बोलतोय, हे समोरच्याला कळेल का? कळणार असेल तर ‘द’. कळणार नसेल आणि मोजता येणारी एकच वस्तू असेल, तर ‘अ’ किंवा ‘ॲन’. मुलगा शिकायला जातो तेव्हा ‘ही गोज टू स्कूल’. त्याची आई बाईंना भेटायला जाते तेव्हा ‘शी गोज टू द स्कूल’, कारण तिला ती ठरावीक इमारत गाठायची असते.

सुपरलेटिव्हबरोबर ‘द’ का येतो, हेही यातूनच उलगडते. ‘सर्वांत उंच’ म्हटले की निवडीला वावच उरत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर उंच. ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.’ आपल्या ‘महाराष्ट्रातले’चे इथे हमखास ‘ऑफ महाराष्ट्र’ होते. ठिकाण असेल तर ‘इन’, गट असेल तर ‘ऑफ’. ‘वन ऑफ द’ आले की पुढचे नाम अनेकवचनी, कारण एक उचलायचा तर आधी पुष्कळ हवेत: ‘साल्हेर इज वन ऑफ द हायेस्ट पीक्स.’

‘चेंज द डिग्री’ या प्रश्नात मुले ‘नो अदर पीक इज ॲज हाय ॲज कळसूबाई’ असे घोकतात. त्यातला ‘अदर’ गाळला, तर कळसूबाई कळसूबाईएवढीही उंच नाही असा अर्थ निघतो! हे एकदा हसत सांगितले, तर पुन्हा सांगावे लागणार नाही.

मालकी सांगणारा शब्द आला की ‘द’ची गरज संपते: ‘माय बेस्ट फ्रेंड’. ‘बहुतेक लोक’ म्हणजे ‘मोस्ट पीपल’, तिथेही ‘द’ नको. आणि ‘अ मोस्ट इंटरेस्टिंग बुक’ म्हणजे सर्वांत नव्हे, फक्त फार रंजक पुस्तक.

‘मोस्ट हायेस्ट’ आज चूक आहे; शेक्सपिअरने मात्र ‘ज्युलियस सीझर’मध्ये असा दुहेरी प्रयोग बिनदिक्कत केला आहे. आपणही ‘श्रेष्ठतम’ म्हणतोच की! संस्कृतात ‘श्रेष्ठ’ हाच मुळात तमभाव, त्यावर पुन्हा ‘तम’. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतला हा ‘इष्ठ’ प्रत्यय आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ एकाच मूळ प्रत्ययातून आले आहेत.

‘अ’ की ‘ॲन’, हे उच्चारावर ठरते, स्पेलिंगवर नाही, आणि इथे आपली लिपी कामी येते. पुढचा शब्द देवनागरीत लिहून पाहा. ‘आवर’, ‘ऑनेस्ट’, ‘एमएलए’ स्वराने सुरू होतात, म्हणून ‘ॲन’. ‘युनिव्हर्सिटी’ ‘य’ने आणि ‘वन-वे’ ‘व’ने सुरू होतो, म्हणून त्यांच्यापुढे ‘अ’ लिहा.