लॉग भरला म्हणून फाइल उडवू नका!

मागच्या महिन्यात रात्री २ वाजता आमच्या लॅबमधल्या सेन्सरच्या नोंदी डेटाबेसमध्ये जायच्या थांबल्या. एसक्यूएल सर्व्हर म्हणत होता, एरर ९००२, म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉग भरला. जुनं वाचता येत होतं, नवीन काही लिहिता येत नव्हतं. डेटा जेमतेम ६ जीबी आणि लॉगची फाइल ८० जीबी! ज्युनिअर म्हणाला, "दादा, ती एलडीएफ फाइल डिलीट करू का?" मी अक्षरशः त्याचा हात धरला.

का, ते सांगतो. लॉग म्हणजे कचरा नव्हे, ती डेटाबेसची रोजकीर्द आहे. प्रत्येक बदल आधी तिथे लिहिला जातो, मग डेटा फाइलमध्ये उतरतो. मध्येच वीज गेली, तर डेटाबेस लॉग वाचून पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा बसवतो आणि अर्धवट राहिलेले मागे घेतो. आयबीएमच्या सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेली 'एरीज' पद्धत याचसाठी प्रसिद्ध आहे. रोजकीर्दच फाडली, तर काय पूर्ण आणि काय अर्धवट, हे ठरवणार कशावरून?

मग लॉग फुगला का? अंदाज बांधू नका, डेटाबेसलाच विचारा. सिस्टीमच्या 'डेटाबेसेस' व्ह्यूमध्ये 'लॉग रीयूज वेट' असा कॉलम असतो. तिथे 'ॲक्टिव्ह ट्रान्झॅक्शन' दिसलं, तर कुणाचा तरी व्यवहार उघडा राहिलाय, तो शोधा. आमच्याकडे उत्तर होतं 'लॉग बॅकअप'.

चूक माझीच. डेटाबेस 'फुल' रिकव्हरी मॉडेलमध्ये होता. रोज रात्री फुल बॅकअप व्हायचा, म्हणून मी निर्धास्त! पण फुल बॅकअपने लॉग रिकामा होत नाही. त्याला वेगळा लॉग बॅकअपच लागतो.

तो दुसऱ्या डिस्कवर घेतला आणि लिहिणं लगेच सुरू झालं. फाइल मात्र ८० जीबीचीच राहिली, कारण जागा आतल्या आत मोकळी होते. ती एकदाच श्रिंक केली. रोज श्रिंक करण्यात अर्थ नाही, फाइल परत वाढतेच आणि त्यात वेळ जातो. आता दर ३० मिनिटांनी लॉग बॅकअप होतो. शेवटच्या बॅकअपनंतरचा डेटा गेला तरी चालणार असेल, तर 'सिंपल' मॉडेल पुरतं. आम्हाला चालणार नव्हतं.

त्या रात्रीची दीड तासाची रीडिंग्ज मात्र गेली ती गेलीच. थिसिसमधल्या आलेखात तिथे रिकामी जागा आहे, आणि तिचं कारण मला तळटीपेत लिहावं लागणार आहे.